घर बांधताना कमी कचरा होईल आणि पर्यावरणालाही झेपेल असं साहित्य कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की दोन मजली घराचा नकाशा जवळजवळ ठरलाय, पण भिंतींसाठी साधी वीट, फ्लाय ॲशची (कोळशाच्या राखेची) वीट की एएसी ब्लॉक यात अडकलाय. 'ग्रीन' सिमेंट घ्यावं का, हेही विचारलंय. आणि जाता जाता हॉलच्या भिंतीचं माप दिलंय, ३.८० मीटर. त्या मापाकडे मी शेवटी येते. तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

मी गेली सतरा वर्षं बांधकामांच्या क्वांटिटी काढते. ड्रॉइंग हातात आलं की किती ब्लॉक, किती सिमेंट, किती सळई हे मोजणं माझं काम. या अनुभवावर सांगते, साहित्य निवडून कचरा कमी होतो यावर माझा विश्वास उरलेला नाही. साहित्याने फरक पडतो, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा फरक मापांनी पडतो, आणि मापं तर तुम्ही 'जवळजवळ ठरवून' बसलायत. म्हणून हे घाईने लिहितेय.

आई-बाबांचं घर बांधायचं ठरलं तेव्हा काम माझ्या मोठ्या भावाने घेतलं. दादा ठेकेदार आहे, चांगलं काम करतो, त्याने बांधलेली भिंत ओळंब्याला कधी चुकत नाही. साहित्याचं मात्र माझं ऐकायचं असं ठरलं होतं. मी एएसी ब्लॉक सांगितले. कारणं सरळ होती. साध्या विटेसाठी शेतातली वरची चांगली माती जाते आणि भट्टी हजार अंशांच्या आसपास पेटती ठेवावी लागते. एएसीमध्ये राख किंवा वाळू, चुना, सिमेंट आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड असते. पूड चुन्याशी भिडली की हायड्रोजन सुटतो, मिश्रण पावासारखं फुगतं, आणि मग ते वाफेच्या दाबाखाली शिजवून घट्ट करतात. वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे बीम, कॉलम, पाया सगळ्यांवरचा भार उतरतो. दादाला हे पटलं. मीही खूश होते, आपल्या घरी चांगलं काहीतरी होतंय म्हणून.

दोन महिन्यांनी साइटवर गेले तर जोत्याच्या कडेला राडारोड्याचा ढीग माझ्या खांद्याएवढा. पांढराशुभ्र ढीग, लांबून चुन्याची रास वाटावी असा. जवळ गेले तर सगळे ब्लॉकचे तुकडे. काही टाचेएवढे, काही चांगले दीड वीत लांब, कडा अगदी सरळ कापलेल्या. म्हणजे वाहतुकीत फुटलेले नव्हते, कापून टाकलेले होते. मी टेप काढला आणि तुकडे मोजायला बसले. बहुतेक तीनच मापं निघाली, पंधरा, तीस आणि पंचेचाळीस सेंटिमीटर.

मग आत जाऊन दोन कॉलममधली भिंत मोजली. ३.४५ मीटर. ब्लॉक साठ सेंटिमीटरचा. खडू घेऊन कॉलमवरच हिशेब मांडला, सांध्यांची जाडी सोडून. पहिल्या थरात पाच अख्खे ब्लॉक आणि पंचेचाळीसचा एक तुकडा. सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून दुसरा थर अर्ध्या ब्लॉकने सुरू होतो, म्हणजे तीसचा तुकडा, मग पाच अख्खे आणि शेवटी पंधराचा तुकडा. आता बघा, पंचेचाळीस कापून उरतो तो बरोबर पंधराचा. वरच्या थराला नेमका तोच हवा असतो. तीस कापून उरलेला तीस पुढच्या जोडीला लागतो. नीट कापलं तर दोन थरांना सरासरी साडेअकरा ब्लॉक लागतात आणि चिमूटभरही वाया जात नाही. दादाच्या साइटवर मात्र प्रत्येक तुकड्याला नवा ब्लॉक घेत होते. पहिल्या थराला सहा, दुसऱ्याला सात. तेरा ब्लॉकमागे दीड ब्लॉक ढिगात. साडेअकरा टक्के.

दादाला बोलावून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, एवढं वेस्टेज धरलेलंच असतं. तूच तर दर वेळी एस्टिमेटमध्ये लावतेस."

"धरलेलं असतं म्हणून ते करायचंच असतं का, दादा?"

हा आमचा वाद तिथे सुरू झाला आणि आजही मिटलेला नाही. खरं सांगायचं तर हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला घेतलं. त्याचं म्हणणं, साइट म्हणजे प्रयोगशाळा नाही, पाच-दहा टक्के जातातच. माझं म्हणणं, तो आकडा अपघातासाठी ठेवलेला असतो. ट्रक आपटला, ब्लॉक फुटला, पाऊस लागून सिमेंटची गोणी गेली, यासाठी. तो आकडा कागदावर आला की साइटवरचा प्रत्येक जण त्याला परवानगी समजतो. सळई कापणारा फिटर, गवंडी, सुतार सगळेच. प्रत्येक जण आपापले पाच टक्के खर्च करतो आणि घराच्या कडेला डोंगर उभा राहतो.

वाद सुरू असताना मिस्त्री बाजूलाच उभे होते. वयाने मोठे, दादाबरोबर सुरुवातीपासून. ते म्हणाले, "ताई, खोटं नाही तुमचं. पण तुकडा शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझा माणूस नवा कापून लावतो. आम्हाला पैसे भिंतीच्या मापावर मिळतात, वाचलेल्या ब्लॉकवर नाही."

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. सतरा वर्षांत जे शिकले त्यातलं हे एक वाक्य मी सगळ्यात जास्त वापरते. मजुरी क्षेत्रफळावर आणि साहित्य मालकाचं, अशी व्यवस्था असेल तर तुकडा वाचवणाऱ्याचं नुकसान होतं. त्याला दोष कसा द्यायचा? दुसऱ्या दिवसापासून आम्ही एवढंच केलं की थर सुरू करायच्या आधी एका माणसाने त्या भिंतीचे सगळे पंचेचाळीसचे आणि तीसचे तुकडे हाताच्या करवतीने एकदम कापायचे आणि मापाप्रमाणे तीन थप्प्या भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या. शोधायची वेळ संपली. मिस्त्रींचा वेगही वाढला, कारण मधेच थांबून कापणं बंद झालं. वरच्या मजल्याच्या भिंतींमधून जे तुकडे निघाले ते दोन घमेल्यांत मावले.

ढीग पूर्ण उपसला तेव्हा त्यात ब्लॉकखेरीज आणखी एक गोष्ट मोठ्या प्रमाणात निघाली. गिलाव्यासकट फोडलेले भिंतीचे टवके, त्यात पाइपच्या गोलाईचे ठसे. बाथरूमच्या बांधून झालेल्या भिंती नळाच्या पाइपांसाठी फोडल्या होत्या, आणि बेसिनची जागा बदलली म्हणून दोनदा फोडल्या होत्या. यावर मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "प्लंबिंगचं ड्रॉइंग तुझ्याकडून यायचं होतं. आलं का?"

नव्हतं आलं. आईला बेसिन कुठे हवंय हे मी तिला विचारायचं पुढे ढकलत राहिले, आणि भिंत थांबून राहिली नाही. ढिगाचा तेवढा भाग माझा होता. हे मी त्याच्यासमोर तेव्हा मान्य केलं नाही, आता इथे करते. पण लक्षात घ्या, यातूनही निघतं तेच. नळ, गटार, वीज, एसीचा पाइप यांच्या जागा पहिली भिंत उभी राहण्याआधी पक्क्या हव्यात. कागदावर बेसिन हलवायला खोडरबर लागतो, भिंतीत हलवायला हातोडा.

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येते.

सिमेंट आधी. चुनखडी तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शुद्ध चुनखडी धरली तर शंभर किलोमधून चव्वेचाळीस किलो, हे रसायनशास्त्राचं गणित आहे, कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. त्यावर १४५० अंशांपर्यंत भट्टी तापवायचं इंधन वेगळं. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा मानतात. म्हणून ज्यात क्लिंकर, म्हणजे या भट्टीत भाजून निघालेले गोळे, कमी आणि राख किंवा पोलाद कारखान्यातली मळी जास्त, ते सिमेंट चांगलं. गोणीवर 'ग्रीन' लिहिलंय का हे बघू नका, पीपीसी (राखेचं सिमेंट) किंवा पीएससी (मळीचं सिमेंट) लिहिलंय का ते बघा. घरासाठी ते पुरेसं आहे.

दादा आधी राखेच्या सिमेंटला नाक मुरडायचा, 'राखेत कसली ताकद' म्हणून. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून रोममधल्या पॅन्थिऑन मंदिराचा घुमट ओतला, सुमारे ४३ मीटर व्यासाचा, आत एकही सळई नाही, आणि तो साधारण १९०० वर्षं उभा आहे. अशा राखेला पोझोलाना म्हणतात, आणि पीपीसीमधला मधला 'पी' त्याचाच. फरक एवढाच की हे सिमेंट ताकद सावकाश धरतं. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारून भागतं, याला दहा ते चौदा दिवस द्या, आणि स्लॅबखालचे टेकू काढायची घाई करू नका. घाई करणाऱ्यांमुळेच या सिमेंटचं नाव खराब होतं. आणि गोण्या लागतील तशा मागवा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते. एकदम भरून ठेवलेलं गोदाम म्हणजे बचत नाही.

भिंतींचं बोलायचं तर फ्लाय ॲशची वीट भाजावी लागत नाही, मापात असते, गिलावा पातळ लागतो. तुमच्यासाठी ती किंवा एएसी, दोन्ही चालतील. माती योग्य असेल तर दाबून केलेले मातीचे ब्लॉक मला दोन्हीपेक्षा आवडतात. पाच ते आठ टक्के सिमेंट, भट्टी नाही, आणि माती बऱ्याचदा तुमच्या पायाच्या खड्ड्यातूनच निघते, म्हणजे ती वाहून नेऊन टाकायचाही प्रश्न नाही. पण मातीची परीक्षा करून घ्यावी लागते. चिकणमाती जास्त असेल तर ब्लॉक तडकतात, कमी असेल तर कोपरे झडतात.

आणि साधी वीटच घ्यायची असेल तर निदान रचना बदला. रॅट-ट्रॅप बॉन्डमध्ये विटा पट न ठेवता उभ्या ठेवतात, भिंतीच्या पोटात पोकळी राहते. जाडी तीच, पण विटा आणि मसाला साधारण एक चतुर्थांश कमी लागतो, शिवाय पोकळीमुळे ऊन आत उशिरा पोचतं. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वर्षं अशी घरं बांधली. वीट तीच भट्टीतली, गवंड्याचा हात वेगळा. साहित्यापेक्षा रचना महत्त्वाची असं मी म्हणते ते अशा गोष्टींमुळे.

सळईचंही तेच. सळई बारा मीटरची येते. ४.३० मीटरचे दोन तुकडे कापले की ३.४० उरतात, आणि हा उरलेला तुकडा बाजूला पडून गंजतो, शेवटी भंगारात जातो. एका सळईमागे अठ्ठावीस टक्के. आता त्याच घरात लिंटेलला, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीला, ३.३० चे तुकडे लागणार असतील तर? दादाच्या साइटवर लागणार होतेच, पण लिंटेलची सळई फिटरने आठवड्याने नव्या बारमधून कापली, कारण त्याच्या हातात त्या दिवशीचीच यादी होती. सगळ्या घराची सळई कापण्याची यादी, ज्याला बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात, ती पहिला बार कापायच्या आधी हातात हवी. ही यादी मागितल्यावर 'एवढ्याशा घराला कशाला' असं उत्तर देणारा ठेकेदार तुमचा पैसा भंगारात घालणार हे धरून चाला. सेंट्रिंगच्या प्लायचंही असंच, आठ बाय चार फुटांची शीट येते, स्लॅबची मापं तिच्या पटीत जुळतात का ते आधी बघा.

अजून एक. सगळ्यात कमी कचऱ्याची खोली म्हणजे न बांधलेली खोली. 'लागलीच तर असावी' म्हणून काढलेली पाहुण्यांची खोली नकाशात असेल तर तिच्यासमोर कुठलंही सिमेंट, कुठलाही ब्लॉक काही कामाचा नाही. आमच्याकडे अशी एक होती. मी भांडून काढायला लावली. दादा आजही म्हणतो की घर लहान पडलं. आई-बाबा दोघेच राहतात, आणि त्यांना ते पुसायला सोपं पडतं. यात कोण बरोबर हे तुम्हीच ठरवा, माझं मत मी लपवलेलं नाही.

थोडं सावधही करते, वर जोरात लिहिलंय म्हणून. तुकडे वापरा म्हणजे कुठेही वापरा असं नाही. दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा भिंतीत घालू नका आणि वरखालचे सांधे जवळ येऊ देऊ नका, तिथून भेग जाते. एएसीच्या फुटक्या तुकड्यांचा चुरा बाथरूमच्या मुद्दाम खोलगट ठेवलेल्या स्लॅबमध्ये भरायला उत्तम, हलका असतो, पण वॉटरप्रूफिंग पूर्ण होऊन पाणी भरून तपासल्यावरच. एएसी पाणी शोषतो, त्याची थप्पी जमिनीवर उघडी ठेवू नका. जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी रस्त्याखाली, फरशीखाली घाला, कॉलम-बीममध्ये इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. सळईचे उरलेले तुकडे जोडून कॉलममध्ये घालायची हुशारी तर कोणी करूच नये. आणि वेस्टेजचा आकडा शून्य धरू नका. मी स्वतः आजही दोन-तीन टक्के धरते, पण प्रत्येक वस्तूपुढे तो कशासाठी आहे हे लिहून. दादाला ही पद्धत मान्य नाही. त्याच्या पुढच्या साइटवर मात्र मिस्त्रींनी तीन थप्प्या लावलेल्या मी पाहिल्या.

आता तुमची ३.८० ची भिंत. एएसी घेतलात तर पहिल्या थरात सहा अख्खे आणि वीसचा तुकडा, दुसऱ्यात तीसचा तुकडा, पाच अख्खे आणि पन्नासचा तुकडा. असे थर लावले तर कितीही नीट कापलं तरी प्रत्येक दोन थरांमागे दहा सेंटिमीटरची एक तरी चकती उरते, जिचा कुठेच उपयोग नाही. तीच भिंत ३.९० केली तर पहिला थर सहा अख्खे आणि एक अर्धा, दुसरा थर एक अर्धा आणि सहा अख्खे. एका ब्लॉकचे दोन अर्धे, दोन थर, काही उरत नाही. ३.६० केली तरी जमतं. सांध्यांचे मिळून दोनेक सेंटिमीटर त्यात धरा. बीमच्या खालची उंचीही वीसच्या पटीत बसते का बघा, नाहीतर वरच्या थराचा प्रत्येक ब्लॉक आडवा कापावा लागेल. आर्किटेक्टला फोन करून विचारा, हॉल दहा सेंटिमीटरने वाढवला तर कॉलम कुठे हलतो. नकाशा मंजुरीला जायच्या आधी विचारा. आणि बेसिनची जागा घरातल्यांना आजच विचारून घ्या.